घटक ४ : सॉफ्टवेअर-निर्मितीची परिभाषा – संज्ञा, पद्धती आणि मराठी

४.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणांस –

• सॉफ्टवेअर व उत्पादन-विकासातील प्रमुख संज्ञांचा अर्थ प्रत्यक्ष कामाच्या आधारे स्पष्ट करता येईल.
• ‘धबधबा’ पद्धती आणि ‘आवर्तन’ पद्धती यांतील भेद उदाहरणासह सांगता येईल.
• समानार्थी वाटणाऱ्या मराठी शब्दांतील अर्थभेद परिभाषेसाठी वापरता येईल.
• एखाद्या संज्ञेसाठी मराठी शब्द घडवावा की परभाषेतील शब्द स्वीकारावा, याचा निर्णय निकषांच्या आधारे घेता येईल.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मराठीच्या अभ्यासक्रमात सॉफ्टवेअरचा विषय कशासाठी, असा प्रश्न आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे एक उत्तर व्यावहारिक आहे. बँकेचे ॲप, शेतकऱ्यांसाठीचे संकेतस्थळ, रुग्णालयातील नोंदणीचा पडदा यांवरील मराठी कोणीतरी लिहीत असते, तपासत असते. हे काम करणाऱ्याला सॉफ्टवेअर कसे तयार होते याची जाण नसेल, तर तो शब्दाला शब्द ठेवतो आणि वाचणाऱ्याला शेवटी इंग्रजीच बरे वाटू लागते.

दुसरे उत्तर भाषाशास्त्रीय आहे. परिभाषेचा प्रश्न मराठीला नवा नाही. शिवाजी महाराजांच्या काळातील राज्यव्यवहारकोशापासून १९६० साली स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाच्या कोशांपर्यंत तो वेगवेगळ्या रूपांत आपल्यासमोर आलेला आहे. या घटकात आपण एकच सूत्र धरून चालणार आहोत : पारिभाषिक संज्ञेचा अर्थ शब्दाच्या व्युत्पत्तीत शोधून पुरत नाही, ज्या कृतीला ते नाव दिले आहे, त्या कृतीत तो शोधावा लागतो. कृती समजली तर मराठी शब्द बहुधा आपल्या जवळच असतो. कृती समजली नाही, तर कितीही शुद्ध शब्द घडवला तरी तो केवळ पाठांतरापुरता उरतो.

४.२ विषय-विवेचन

४.२.१ अभ्यासासाठी उदाहरण : सिंहस्थातील चटई

संज्ञा सुट्या पाठ करण्याऐवजी एकाच उदाहरणाच्या आधारे समजून घेऊ. हे उदाहरण नाशिकमधील आहे.

२७ ऑगस्ट २००३ रोजी सिंहस्थ कुंभमेळ्यात पंचवटीतील रामकुंडाकडे जाणाऱ्या अरुंद, उताराच्या रस्त्यावर चेंगराचेंगरी झाली आणि ३९ भाविकांचा मृत्यू झाला. पुढील सिंहस्थ २०१५ चा होता. त्यापूर्वी मूळचे नाशिकचे व अमेरिकेतील एमआयटी मीडिया लॅबमध्ये प्राध्यापक असलेले रमेश रासकर यांच्या पुढाकाराने ‘कुंभथॉन’ हा उपक्रम सुरू झाला. मेळ्यातील अडचणींवर तांत्रिक उपाय शोधण्यासाठी स्थानिक विद्यार्थी, अभियंते आणि अधिकारी यांना त्याने एकत्र आणले. याच उपक्रमातून नाशिकचा शाळकरी विद्यार्थी नीलय कुलकर्णी आणि त्याचे सहकारी यांनी ‘आशिओतो’ नावाचे साधन विकसित केले. या जपानी शब्दाचा अर्थ ‘पावलांचा आवाज’ असा आहे. रस्त्यावर अंथरलेल्या चटईवर पाऊल पडले की दाब ओळखला जातो, मोजणी होते आणि ती माहिती त्याच वेळी पुढे पाठवली जाते. या चटईने १८ तासांत सुमारे पाच लाख लोकांची मोजणी केल्याचे नीलयने आपल्या जाहीर व्याख्यानात सांगितले आहे.

या साधनात चटई आहे, विद्युत-मंडल आहे आणि सॉफ्टवेअरही आहे. म्हणूनच ‘उत्पादन-विकास’ ही व्यापक संज्ञा येथे अधिक योग्य ठरते. पुढील विवेचनात या उदाहरणाच्या आधारे काही मांडणी आपण अभ्यासासाठी स्वतः करणार आहोत. ती त्या गटाच्या कामाची नोंद नव्हे, हे लक्षात ठेवावे.

४.२.२ गरज, आवश्यकता आणि आदिरूप

इंग्रजीतील ‘नीड’ आणि ‘रिक्वायरमेंट’ या दोन्ही शब्दांना मराठीत सर्रास ‘गरज’ म्हटले जाते. बोलण्यात ते चालते. परिभाषेत चालत नाही.

गरज माणसाची असते आणि ती त्याच्या शब्दांत व्यक्त होते. ‘गर्दीत कोणाचा जीव जाऊ नये’ ही गरज आहे. आवश्यकता ही साधनाकडून केलेली, तपासता येण्याजोगी अपेक्षा असते. ‘ठरावीक रस्त्यावरून दर मिनिटाला किती माणसे पुढे जात आहेत, हे नियंत्रण कक्षाला त्याच मिनिटात कळले पाहिजे’ ही आवश्यकता आहे. पहिल्या वाक्यावरून यंत्र तयार करता येत नाही, दुसऱ्यावरून येते.

गरजेचे आवश्यकतेत रूपांतर करताना झालेली चूक सर्वांत महागात पडते. ‘शहरात किती भाविक आले हे मोजावे’ अशी आवश्यकता लिहिली, तर दिवसअखेर मिळणारा आकडा अचूक असेल, परंतु अरुंद गल्लीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या पोलिसाला त्याचा उपयोग होणार नाही. चेंगराचेंगरी एकूण संख्येने होत नाही. ठरावीक जागेत येणारे लोक जाणाऱ्यांपेक्षा जास्त झाले की होते. ‘संख्या’ आणि ‘प्रवाह’ या दोन शब्दांतला फरक येथे केवळ शैलीचा राहत नाही. भाषेची नेमकी जाण असणारी व्यक्ती विकासगटाला उपयोगी पडते ती अशा ठिकाणी.

आवश्यकता ठरल्यावर ‘प्रोटोटाइप’ तयार होतो. त्याला मराठीत ‘आदिरूप’ किंवा ‘कच्चा नमुना’ म्हणता येते. नुसते ‘नमुना’ म्हणणे संदिग्ध आहे, कारण अर्जाचा नमुना आणि धान्याचा नमुनाही असतो. आदिरूप तयार करण्याचा हेतू शिकणे हा असतो : दाब ओळखला जातो का, ओल्या पायांनी काय होते, एकाच वेळी दोन पावले पडली तर मोजणी एक होते की दोन?

आदिरूपाशी ‘किमान उपयुक्त उत्पादन’ या संज्ञेची गल्लत करू नये. एरिक रीस यांच्या २०११ मधील पुस्तकामुळे ही संज्ञा जगभर रूढ झाली. आदिरूप कार्यशाळेत राहिले तरी चालते. किमान उपयुक्त उत्पादन मात्र खऱ्या वापरकर्त्याच्या हाती द्यायचे असते; त्यात सोयी थोड्या असतात, पण ज्या असतात त्या खरोखर उपयोगी पडाव्या लागतात.

४.२.३ दोन पद्धती : धबधबा आणि आवर्तन

सॉफ्टवेअर-निर्मितीच्या अनेक पद्धती आहेत. त्यांचे दोन मुख्य प्रवाह समजून घेणे या अभ्यासक्रमासाठी पुरेसे आहे.

पहिला प्रवाह ‘वॉटरफॉल’ म्हणजे धबधबा पद्धतीचा. आवश्यकता, आराखडा, बांधणी, चाचणी, वापर असे टप्पे एकापाठोपाठ येतात. वरच्या पायरीवरून पडलेले पाणी पुन्हा वर चढत नाही, तसे मागील टप्प्याकडे परतणे गृहीत धरलेले नसते. या पद्धतीचा उगम विन्स्टन रॉइस यांच्या १९७० च्या लेखात सांगितला जातो. गंमत अशी की रॉइस यांनी त्या लेखात ‘वॉटरफॉल’ हा शब्द वापरलेला नाही; उलट चाचणी शेवटी ठेवण्यातील धोका त्यांनी दाखवून दिला आहे. नाव मागाहून आले आणि नावाने मूळ इशारा झाकून टाकला. संज्ञा विचार वाहून नेते तशी तो लपवूही शकते, याचे हे चांगले उदाहरण होय.

तरीही ही पद्धत सर्वत्र वाईट ठरत नाही. अर्धे धरण बांधून, पाणी अडवून पाहून, मग उरलेल्या अर्ध्याचा आराखडा करता येत नाही. जेथे मागे फिरणे अतिशय खर्चिक असते, तेथे आधी पूर्ण विचार करणेच शहाणपणाचे ठरते.

दुसरा प्रवाह टप्प्याटप्प्याने, थोडे थोडे करून पाहण्याचा. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतील युटा राज्यात १७ जाणकारांनी एकत्र येऊन ‘अजाइल’ विचाराचा जाहीरनामा मांडला. ‘अजाइल’साठी ‘चपळ’ हा शब्द कोशात सहज सापडतो. परंतु त्यातून फक्त वेग सूचित होतो. या पद्धतीचा गाभा वेग नसून बदलाला सामावून घेण्याची तयारी हा आहे. म्हणून ‘लवचीक पद्धती’ हा पर्याय अधिक अर्थवाही वाटतो.

या पद्धतीतील मध्यवर्ती कृती म्हणजे ‘इटरेशन’. त्यासाठी ‘पुनरावृत्ती’ वापरल्यास तेच ते पुन्हा करणे असा अर्थ होतो. नाशिक-नगरच्या शेतकऱ्याकडे याहून चांगला शब्द आहे : आवर्तन. धरणातून कालव्याला पाणी सोडले जाते ते आवर्तनाने. दोन आवर्तनांच्या मधल्या काळात शेतकरी पीक पाहतो, ओल पाहतो आणि पुढच्या पाळीला कोठे किती पाणी द्यायचे ते ठरवतो. थोडे काम करणे, परिणाम पाहणे, त्यानुसार पुढचे काम बदलणे हाच ‘इटरेशन’चा अर्थ आहे. नवा शब्द घडवण्यापूर्वी आपल्या भाषेत तीच कृती दुसऱ्या कोणत्या व्यवसायात चालते, हे पाहण्याची सवय म्हणूनच लावून घ्यावी.

२०१५ मधील नाशिकच्या पहिल्या दोन पर्वण्या २९ ऑगस्ट आणि १३ सप्टेंबर या दिवशी होत्या. त्यांच्यामधले पंधरा दिवस हे एक आवर्तन मानले, तर पहिल्या पर्वणीत दिसलेली उणीव दुसरीपूर्वी दूर करता येते. पर्वणीची तारीख मात्र कोणत्याही विकासगटाला पुढे ढकलता येत नाही. तारीख अचल असते तेव्हा ‘व्याप्ती’ कमी करावी लागते, म्हणजे दहा सोयींऐवजी तीनच, पण त्या विश्वासार्ह द्याव्या लागतात. माणसे वाढवून हा प्रश्न सुटत नाही. रखडलेल्या सॉफ्टवेअर-प्रकल्पात नवी माणसे घातल्यास तो अधिकच रखडतो, असे फ्रेडरिक ब्रुक्स यांनी १९७५ मध्येच मांडले होते. कारण नव्यांना समजावून सांगण्यात जुन्यांचा वेळ जातो.

४.२.४ ‘चाचणी’ या एका शब्दामागचे दोन अर्थ

एका संपर्कसत्रात मी ‘टेस्टिंग’साठी फळ्यावर ‘चाचणी’ लिहिले. अंबडच्या औद्योगिक वसाहतीत पाळीने काम करणारा एक विद्यार्थी म्हणाला, “मॅडम, आमच्याकडे ट्रायल वेगळी आणि तपासणी वेगळी. तपासणीत पास झालेला भागसुद्धा गाडीत बसवल्यावर ट्रायलमध्ये परत येतो.” मी त्या दिवशी शिकवणार होते ते त्याने एका वाक्यात सांगितले होते.

सॉफ्टवेअरच्या क्षेत्रात हाच भेद ‘व्हेरिफिकेशन’ आणि ‘व्हॅलिडेशन’ या संज्ञांनी दाखवला जातो. लिहून दिलेल्या आवश्यकतेप्रमाणे साधन चालते का, हे पाहणे म्हणजे पडताळणी. ज्या गरजेसाठी ते केले ती गरज भागते का, हे पाहणे म्हणजे यथार्थता-तपासणी. ‘यथार्थता’ हा शब्द संशोधनपद्धतीच्या परिभाषेत आधीपासून आहे. ‘प्रमाणीकरण’ येथे टाळावे, कारण ओळख पटवण्याच्या प्रक्रियेसाठीही तो वापरला जातो.

आता चटईकडे पाहा. शंभर पावले पडली आणि शंभरच मोजली गेली, तर पडताळणी यशस्वी झाली. पण आकडा वाढल्याचे कळल्यावर मागचा लोंढा वेळेत थांबवता आला का? तो आला नाही, तर मोजणी बिनचूक असूनही साधन यथार्थ नाही. दोन्ही कृतींना एकच ‘चाचणी’ म्हटले, तर पहिली पार पडल्यावर दुसरी झाली असे समजण्याचा धोका राहतो.

४.२.५ चूक, दोष, बिघाड

‘बग’ या शब्दाची एक कथा प्रसिद्ध आहे. १९४७ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाच्या मार्क-२ या संगणकात अडकलेला पतंग सापडला आणि तो नोंदवहीत चिकटवण्यात आला. मात्र शब्दाचा जन्म त्या घटनेत झालेला नाही. यंत्रातील खोट या अर्थाने एडिसन यांनी १८७८ मध्येच तो वापरला होता. नोंदवहीतील पतंगाची मौज वाटली ती शब्द आधीपासून रूढ होता म्हणूनच.

इंग्रजी बोलण्यात ‘बग’ सर्वांना पुरतो. काटेकोर लेखनात मात्र तीन पायऱ्या वेगळ्या केल्या जातात आणि त्यांच्यासाठी मराठीत तीन नेमके शब्द सिद्ध आहेत. एक काल्पनिक प्रसंग घेऊ. देवनागरी म्हणजे हिंदीची वर्णमाला, असे एका अभियंत्याने गृहीत धरले : ही माणसाची चूक. त्यामुळे अर्जात स्वीकारायच्या अक्षरांच्या यादीत ‘ऱ’ राहून गेला : हा प्रणालीतील दोष. कऱ्हाडच्या अर्जदाराने गावाचे नाव लिहिताच अर्ज नाकारला गेला : हा वापरकर्त्याला दिसलेला बिघाड. दोष अनेक वर्षे सुप्त राहू शकतो. कऱ्हाडचा अर्जदार येईपर्यंत तो कोणालाही दिसत नाही. म्हणून ‘अद्याप तक्रार नाही’ याचा अर्थ ‘दोष नाही’ असा होत नाही.

४.२.६ आवृत्ती

‘व्हर्जन’साठी ‘आवृत्ती’ हा शब्द ग्रंथव्यवहारातून आला आणि तो चपखल बसला. पुनर्मुद्रणात मजकूर तोच राहतो, आवृत्तीत तो बदलतो, हा भेद मराठी वाचकाला परिचित आहे.

आपल्या लिपीचे उदाहरण पाहू. ‘ॲप’ हा आजचा नित्याचा शब्द. पण त्यातील ‘ॲ’ हे स्वतंत्र अक्षर युनिकोड प्रमाणकात २००८ मधील ५.१ या आवृत्तीत समाविष्ट झाले. देवनागरी १९९१ पासून प्रमाणकात होती. मराठीला लागणारा हा स्वर मात्र तीत नव्हता. तोवर ‘अ’ला चंद्राचे चिन्ह जोडावे लागे आणि काही संगणकांवर मधे ठिपक्यांचे वर्तुळ उमटे. महाराष्ट्र शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने हा स्वर मराठी वर्णमालेतही अधिकृतपणे आला. भाषकांची निकड नेमक्या आवश्यकतेच्या रूपात मांडली गेली, तर जागतिक प्रमाणकातही बदल होतो, हे यावरून लक्षात यावे.

४.२.७ शब्द घडवावा की स्वीकारावा?

निर्णयासाठी पुढील चार निकष उपयोगी पडतात.

१. अर्थवाहकता : शब्दावरून कृतीचा अंदाज येतो का? ‘आवर्तन’ या कसोटीला उतरतो.

२. असंदिग्धता : तोच शब्द शेजारच्या संकल्पनेसाठी आधीच वापरात आहे का? ‘प्रमाणीकरण’ येथे अडखळतो.

३. साधनक्षमता : त्यापासून इतर शब्द बनतात का? ‘संगणक’वरून संगणकीय, संगणकीकरण, संगणकीकृत असे शब्द सहज सिद्ध झाले, ‘संगणक’ टिकण्याचे हे एक मोठे कारण आहे.

४. रूढी : लोक काय म्हणतात? ‘सॉफ्टवेअर’, ‘ॲप’, ‘फाइल’ हे शब्द मराठीच्या व्याकरणात स्थिरावले आहेत. ‘ॲप’ नपुंसकलिंगी झाले, ‘फाइल’ स्त्रीलिंगी. ‘ॲपमध्ये’, ‘फायलींचा’ अशी रूपे होतात. ज्या शब्दाला मराठीने लिंग आणि सामान्यरूप दिले, त्याला परका म्हणण्यात अर्थ नाही.

काही संज्ञा जशाच्या तशा घेणेच इष्ट ठरते. ‘स्क्रम’ हा रग्बीतील शब्द. १९८६ मध्ये ताकेउची आणि नोनाका यांनी उत्पादन-विकासाच्या संदर्भात ती उपमा वापरली आणि पुढे ते एका पद्धतीचे नाव झाले. रग्बी आपल्या अनुभवात नसल्याने भाषांतराने काही साधत नाही. ‘कानबान’ हा टोयोटाच्या कारखान्यातून आलेला जपानी शब्द इंग्रजीनेही तसाच स्वीकारला आहे. याउलट ‘स्प्रिंट’ला ‘धाव’ म्हणणे दिशाभूल करते. स्क्रममध्ये ‘स्प्रिंट’ म्हणजे जास्तीत जास्त एका महिन्याचा, आधी ठरवलेला कामाचा काळ. त्यात पळण्याचा भाग नाही. येथे ‘कार्यावधी’ हा साधा शब्द पुरतो.

४.३ सारांश

सॉफ्टवेअरची संज्ञा ही कामातील एका निर्णयाचे किंवा कृतीचे नाव असते. गरज व आवश्यकता, आदिरूप व किमान उपयुक्त उत्पादन, पडताळणी व यथार्थता-तपासणी, तसेच चूक, दोष व बिघाड यांतील भेद कामाच्या ठिकाणी प्रत्यक्ष परिणाम घडवतात. धबधबा पद्धती मागे फिरणे महाग असेल तेथे उपयोगी पडते. आवर्तन पद्धती अनुभवातून शिकत पुढे जायचे असेल तेथे. मराठी संज्ञा ठरवताना प्रथम कृती समजून घ्यावी, नंतर शेती, ग्रंथव्यवहार, कारखाना यांतील विद्यमान शब्द शोधावा, आणि तो न मिळाल्यास नवा शब्द घडवावा किंवा रूढ परशब्द स्वीकारावा.

४.४ पारिभाषिक शब्द

आवश्यकता – साधनाकडून असलेली, तपासता येणारी अपेक्षा.
आदिरूप – शिकण्यासाठी केलेला कच्चा नमुना.
आवर्तन – करणे, पाहणे व त्यानुसार बदलणे यांचे एक चक्र.
व्याप्ती – प्रकल्पात अंतर्भूत असलेल्या कामाची मर्यादा.
पडताळणी – आवश्यकतेशी मेळ तपासणे.
यथार्थता-तपासणी – मूळ गरज भागते का, हे तपासणे.

४.५ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

अ) एका वाक्यात उत्तरे लिहा.
१. ‘इटरेशन’साठी ‘पुनरावृत्ती’ हा शब्द अपुरा का ठरतो?
२. तारीख अचल असेल तेव्हा प्रकल्पात काय कमी करावे लागते?
३. युनिकोडच्या कोणत्या आवृत्तीत ‘ॲ’ समाविष्ट झाला?

आ) थोडक्यात उत्तरे लिहा.
१. ‘चूक, दोष, बिघाड’ हा भेद आपल्या व्यवसायातील उदाहरणाने स्पष्ट करा.
२. पडताळणी यशस्वी होऊनही साधन अयशस्वी कसे ठरू शकते?

४.६ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

अ) १. त्यातून तेच पुन्हा करणे सूचित होते. अनुभवानुसार बदल सूचित होत नाही. २. व्याप्ती. ३. ५.१ (२००८).
आ) १. पाहा ४.२.५. २. पाहा ४.२.४.

४.७ उपक्रम

आपण नेहमी वापरता त्या एखाद्या ॲपमधील मराठी मजकुराचे दहा शब्द वहीत उतरवा. प्रत्येक शब्दापुढे तो दाबल्यावर प्रत्यक्षात काय घडते ते एका वाक्यात लिहा. जेथे शब्द आणि कृती जुळत नाहीत, तेथे आपल्या घरातील किंवा कामावरील व्यक्ती त्या कृतीला काय म्हणते, हे विचारून तो शब्द नोंदवा. ही वही पुढील संपर्कसत्रास सोबत आणावी; चर्चेचा आरंभ तिच्यापासून करू.